सर्व्हरमामांचं संस्थान

आमच्या दूधसंस्थेच्या भोरच्या ऑफिसात सर्व्हरच्या खोलीत चप्पल घालून जायला बंदी होती. देवघरात एकवेळ चाललं असतं. हा नियम सर्व्हरमामांचा. खरं तर मामा हेडक्लार्क. पण सर्व्हर त्यांच्या खोलीत, टेबलाशेजारी ठेवला गेला आणि शेजारधर्माने ते संगणकतज्ज्ञ झाले.

भोर, मार्गासनी, वेल्हे, प्रत्येक शाखेत वेगळा सर्व्हर आणि त्यावर कुठल्या कर्मचाऱ्याचं लॉगिनचं खातं उघडायचं, हे मामा ठरवत. नव्या माणसाला आठवडाभर थांबावं लागे, कारण आधी त्याचा स्वभाव पाहायचा असे. वर पासवर्डवर व्याख्यान. "पासवर्ड कडीसारखा नको, कुलपासारखा पायजे," असं ते सांगत आणि आम्ही माना डोलवत असू. मात्र वेल्ह्याच्या शाखेत दूध नोंदवणाऱ्या शांताबाईंचं काही अडलं, की रविवारीसुद्धा एसटी पकडून जाणारे तेच.

मग पुण्याहून टाय लावलेले एक तज्ज्ञ आले. यापुढे सगळ्यांची खाती एकाच डोमेनमध्ये, म्हणजे एकाच सामायिक यादीत, भोरच्या सर्व्हरवर राहतील आणि शाखांमधली जुनी खाती बंद होतील, असं त्यांनी सांगितलं. मामांनी विचारलं, "म्हंजे वेल्ह्याच्या माणसानं आपलंच दार उघडायला भोरला इचारायचं?" यालाच सुसूत्रीकरण म्हणतात, असं उत्तर मिळालं. मामांनी सगळी खाती हलवायला निमूट मदत केली. फक्त वेल्ह्यातलं स्वतःचं जुनं खातं बंद करायला ते विसरले. त्यांची स्मरणशक्ती एरवी उत्तम होती.

डोमेन सुरू झालं त्याच सकाळी रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने वेल्ह्याची केबल तोडली. भोरशी संपर्क नाही, म्हणून वेल्ह्यात कुणालाच संगणक उघडता येईना. पासलीकडून आलेले दुधाचे कॅन उन्हात उभे, आणि नोंद झाल्याशिवाय दूध टँकरमध्ये ओतता येईना. तज्ज्ञांनी धीर धरायला सांगितलं. दुधाला ते कळवणं राहून गेलं.

मामांनी शांताबाईंना फोन लावून वेल्ह्याच्याच सर्व्हरवर राहिलेल्या आपल्या जुन्या खात्याचं नाव सांगितलं. पासवर्ड तोंडावर हात धरून पुटपुटले. शांताबाईंनी खात्री करून घेतली, ती फोनमधूनही आमच्या साऱ्या ऑफिसला ऐकू आली. "एक दोन तीन चार? येवढंच?"

"व्हय. येवढंच," मामा भिंतीकडे बघत म्हणाले.

दूध वाचलं. संस्थेने मामांना नियमभंगाची नोटीस दिली आणि दूध वाचवल्याबद्दल शाल. दोन्ही एकाच चेअरमनांच्या हस्ते. मामांनी नोटीस शालीच्या घडीत ठेवली आणि ते कामाला लागले.

पुढे ते निवृत्त झाले. परवा भोरच्या स्टँडवर उत्रोलीच्या गाडीची वाट बघताना भेटले. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "माझं नाव हाय का अजून त्या डोमेनात?"

"नाही मामा. निवृत्तीच्या दिवशी आपोआप निघालं."

"कुणी काढलं न्हाई?"

"कुणी नाही."

गाडी लागली. मामांनी पिशवी उचलली.

"माणसानं काढलं असतं," ते म्हणाले, "तर भांडलो तरी असतो."