चहाचा डबा

मागच्या वर्षी मी स्वयंपाकघर नवं केलं आणि सासूला तिच्याच घरात पाहुणी करून ठेवलं.

भोकरदनला आमचं लहानसं घर आहे. ओट्यामागची भिंत फोडण्या खाऊन खाऊन पिवळी पडली होती, आणि मोबाइलवर लोकांची चकाचक स्वयंपाकघरं बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा. नवऱ्याने आधीच बजावलं, फोडाफोडी बिलकुल करायची न्हाई, एवढा खर्चा झेपणार न्हाई. म्हटलं, नका फोडू, मी फोडल्याशिवाय करून दाखवते. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या आठ दिवस मंठ्याला नणंदेकडे गेल्या आणि मी पदर खोचला. सोड्याच्या गरम पाण्याने भिंत घासली, कपाटाच्या दारांना पोपटी रंग दिला, ओट्यामागे टाइल्सचे स्टिकर चिकटवले. एक पट्टी तिरकी गेली, ती अजून तिरकीच आहे. पण काय सांगू, येताजाता मीच उभी राहून बघायची.

तिथेच थांबायचं ना बाई! न्हाई. फळीवरचे सहा जुने पितळी डबे डोळ्यांत खुपायला लागले. काळपट, पोचे पडलेले. ते बाजारात भांड्यांच्या दुकानात मोडीत दिले आणि स्टीलचे एकसारखे बारा डबे आणले. वर चिठ्ठ्या चिकटवल्या: साखर, चहा, तूरडाळ. माझं अक्षर चांगलं आहे, त्याचाही तोरा होताच.

आत्याबाई परत आल्या. काचबिंदूने त्यांची नजर गेल्यात जमा आहे, उजेड-सावली तेवढी कळते. तरी घरातला सकाळचा पहिला चहा त्यांचाच. त्याला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. साखर फार घालतात म्हणून मी रोज कुरकुरायची आणि रोज तोच चहा पिऊन कामाला लागायची. आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी चहा झाला नाही. वाटलं, प्रवासाने दमल्या असतील. तिसऱ्या दिवशीही त्या पलंगावर हात मांडीवर ठेवून बसून. चौथ्या दिवशी माझं डोकं सटकलं. रंग आवडला नसेल तर तोंडाने सांगा, असं चार शब्द जास्तच बोलले.

दुपारी मी न्हाणीतून बाहेर आले तर त्या फळीपाशी उभ्या. एकेक डबा उघडून वास घेत होत्या आणि बोटं डब्याच्या अंगावरून फिरवत होत्या. सगळीकडून गुळगुळीत.

"याच्यावर नाव न्हाई का गं कोणाचं?" त्यांनी विचारलं.

मग एकेक कळलं. ते सहा डबे त्यांच्या लग्नातले. देणाऱ्याचं नाव ठोक्याठोक्यांनी कोरलेलं. आत्याबाईंना अक्षर एक वाचता येत नाही, पण बोटांना सगळी नावं पाठ. मामाचं लांबलचक नाव म्हणजे साखर, काकाचं म्हणजे डाळ. आईचं नाव दोनच अक्षरांचं, तो लहान डबा चहाचा. चौदा वर्षं ते डबे मी पुसले. बी.ए. झालेली बाई मी, आणि त्यांच्यावर काय लिहिलंय ते एकदाही वाचलं नव्हतं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "आता तू देशील तवा घेत जाईन चहा."

रागावल्या असत्या तर मीही तोंड चालवलं असतं. त्या रागावल्याच नाहीत. मला इतकी लाज वाटली की ओल्या केसांनीच चप्पल घालून बाजार गाठला.

दुकानदाराने पाच डबे विकायला म्हणून बाजूला काढले होते, ते लगेच सापडले. लहान डबा फार चेपलेला, म्हणून मोडीच्या पोत्यात टाकला, आणि ते पोतं कालच्या गाडीने जालन्याला गेलं होतं. मी तिथेच पायरीवर बसले आणि घरी फोन लावला. आत्याबाईंना खरं तेच सांगितलं. सांगताना रडू आवरलं नाही.

"तसाच नवा डबा घेते," मी म्हटलं. "तुमच्या आईचं नाव टाकून आणते. अक्षरं बराबर तशीच काढायला लावते."

"तिचं नको. ती गेली तिच्या वाटेनं," त्या म्हणाल्या. "तुझं टाक. सकाळी पयला हात त्याच डब्याला जातो माझा."

दुकानदार कोरायचं मशीन घेऊन समोर उभा होता. काय नाव टाकू, म्हणून त्याने दोनदा विचारलं. शेवटी त्याच्याच पावतीपुस्तकाच्या मागे माझं नाव लिहून दिलं.