सिगिरियाच्या कड्यावरचं हळदीकुंकू

माधवगंजातून लंकेला निघाले तेव्हा शेजारणींनी जीव नकोसा केला. "येताना सोन्याची वीट आण गं!" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "रावणाला नमस्कार सांग." मी हसून उत्तरं देत होते, पण मनात एकच धरून निघाले होते. परत येईन ती ग्वाल्हेरात राहायलाच येईन.

आमचे हे संस्थानच्या पुराणवस्तू खात्यात होते. लेण्यांतल्या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला उतरवायचे. संस्थान गेलं, मध्य भारत आला. तोही गेला, मध्य प्रदेश झाला आणि आमच्या ग्वाल्हेरची राजधानी भोपाळला गेली. खात्यातल्या प्रत्येकाकडून लिहून मागितलं होतं, भोपाळला येता की ग्वाल्हेरातच खालच्या जागेवर राहता? मी रोज विचारायचे, काय लिहिणार? हे म्हणायचे, "बघू." त्या 'बघू'नं माझं डोकं उठायचं.

त्या चैत्रात माझ्या गौरीच्या हळदीकुंकवाला नऊ बायका आल्या. आदल्या वर्षी साठ तरी होत्या. इंदरगंजातल्या भोपाळला गेल्या, खासगी बाजारातली तर बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं उठली. आंब्याची डाळ अर्धं पातेलं उरली. रात्री ती ह्यांच्या पानात आदळली आणि म्हटलं, "आता सीधं सांगा. जायचं की राहायचं?"

हे शांतपणे डाळ खात म्हणाले, "वैशाखात लंकेला, सिगिरियाला चल माझ्याबरोबर. तो कडा चढ. माथ्यावर गेलो की सांगतो."

वीस वर्षं ह्या माणसाच्या तोंडी त्या कड्यावरच्या चित्रांचं नाव होतं. मी कबूल केलं. मला वाटलं, हा नवसच आहे. मी चढेन, आणि हे म्हणतील, राहू या.

धनुष्कोडीपर्यंत गाडी, मग बोट, पुन्हा गाडी, मग बस. आणि रानातून एकदम तो खडक उभा. मी किल्ल्याच्या पायथ्याशी वाढलेली बाई, मला चढ कोण शिकवणार, अशा तोऱ्यात होते. पण आमच्या किल्ल्यावर मोटार जाते हो! इथं विटांच्या पायऱ्या संपता संपेनात, आणि त्या संपल्या तर कड्याला लटकवलेला लोखंडी गोल जिना. मी काष्टा घट्ट खोचला.

"जरा थांबा ना, सांस फुलली माझी," मी म्हटलं. देशावरच्या बायका आमच्या असल्या मराठीला हसतात. हसू देत.

जिना संपला आणि खडकाच्या पोटात त्या दिसल्या. कमरेपासून वरच्या बायका, खाली ढग. एकीच्या हातात फुलांचं तबक, दुसरी तिच्या मागं, आणखी एक कमळ धरून. नटूनथटून कुणाकडे तरी निघालेल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई, आल्या की सगळ्या!" डोळे भरून आले. आणि पुढं मी जे केलं ते माझं मलाच आजवर कळलं नाही. कमरेची कुंकवाची डबी काढली, बोट बुडवलं आणि सगळ्यांत जवळच्या बाईच्या कपाळाकडे हात नेला. दारी आलेल्या सवाष्णीला तसंच पाठवायची सवय नाही आम्हाला.

रखवालदार ओरडला. ह्यांनी माझं मनगट धरलं ते इतकं घट्ट की एक बांगडी वाढली. भिंतीला श्वास लागू नये म्हणून जन्मभर तोंडाला फडकं बांधून काम केलेला माणूस, आणि त्याचीच बायको दीड हजार वर्षांच्या चित्राला कुंकू लावायला निघाली! मला वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार. पण हे हळूच म्हणाले, "पूस ते बोट." मी पदराला पुसलं. मग रखवालदारापुढं ह्यांनी हात जोडले आणि मला पुढं घातलं.

वर दगडी सिंहाचे दोन पंजे, त्यांच्यामधून वाट, आणि शेवटी उभ्या कड्यावरची शिडी. वारा तर असा की पदर दातांत धरावा लागला. मनातल्या मनात रामरक्षा आणि ह्यांच्या नावानं बोटं मोडणं, दोन्ही चालू होतं. पण पोचले.

माथ्यावर राजवाडा नव्हता. नुसती जोती आणि पाण्याचं एक टाकं. हे म्हणाले, "एका राजानं जुनं गाव सोडून राजधानी इथं आणली. तो गेल्यावर पुढच्यानं ती परत जुन्या गावी नेली."

"बघा!" मी टाळीच वाजवली. "म्हणजे राजधानी परत जाते! आपलीही येईल. तोवर खालच्या जागेवर काढू. मी काही म्हणणार नाही."

हे एका जोत्यावर बसले. माझ्याकडे बघेनात.

"मी लिहून दिलंय," ते म्हणाले. "भोपाळ."

"कधी?"

"गौरी बसायच्या आधीच."

म्हणजे मी विचारत होते, पानात डाळ आदळत होते, तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. "मग इथवर कशाला चढवलंत मला?"

"माझ्या सगळ्या नकला भोपाळला चालल्यात. मी मागं राहून काय करू? आणि हे घरी सांगितलं असतं, तर तू माझ्याबरोबर कुठंच आली नसतीस."

मी भांडले. दीड हजार मैलांवर, त्या उजाड माथ्यावर, हिंदीत भांडले. फार राग आला की आम्हाला हिंदीच सुचते. मग तडक उतरायला लागले.

ह्यांना चढताना काही होत नसे, उतरताना चक्कर यायची. लेण्यांतल्या परांचीवरून उतरतानासुद्धा खालून कुणीतरी हात द्यावा लागे. हे मला ठाऊक होतं. शिडीवर हे दोनदा थांबले. दोनदा "अगं" म्हणाले. मी मागं पाहिलं नाही.

भोपाळला गेलो, संसार झाला, हे गेले त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. ग्वाल्हेरची हुरहूर अजून आहे, नाही म्हणत नाही. पण सकाळी गाडीत बसलं तर संध्याकाळच्या आत ग्वाल्हेर गाठता येतं. त्या शिडीवरच्या "अगं"ला ओ द्यायला मी आता कुठली गाडी धरू?