सॉरीसाहेबांची खिडकी

सॉरीसाहेबांना हे नाव कोणी ठेवलं याबद्दल कचेरीत दोन तट होते. हिशेब खात्यातले म्हणत आम्ही ठेवलं, गोदामातले म्हणत आम्ही. खुद्द साहेबांना विचारलं तर ते म्हणत, "सॉरी, मला काही कल्पना नाही." मग वाद घालण्यात अर्थ उरत नसे.

तसे ते साहेब मुळीच नव्हते. इस्त्र्या, पंखे आणि पाणी तापवायचे हीटर बनवणाऱ्या एका कंपनीत तक्रारींच्या खिडकीत बसणारे कारकून होते. ही खिडकी तळमजल्यावर, जिन्याखालच्या कोनाड्यात होती. खुर्ची मागे सारून उभं राहिलं की डोकं जिन्याच्या फळीवर आपटायचं. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात ते असे आपटले आणि फळीला सॉरी म्हणाले. नेमका तेव्हा मॅनेजर जिना उतरत होता. जो माणूस लाकडाची माफी मागतो तो गिऱ्हाइकाची किती मागेल, असा विचार त्याच्या मनात आला असावा. त्याने साहेबांना त्या खिडकीत कायमचं बसवलं आणि वर गुरुमंत्र दिला.

"सॉरी हवं तेवढं म्हणा. आमचं चुकलं, असं मात्र कधी म्हणू नका. सॉरी म्हटल्याने कंपनीचं काही जात नाही. चुकलं म्हटलं की इस्त्री बदलून द्यावी लागते."

साहेबांनी मंत्र गाठीला बांधला आणि निवृत्तीला दोन बोटं उरेपर्यंत सोडला नाही.

मॅनेजरला दोष देऊन उपयोग नाही. हा शब्द आपल्याकडे आला तेव्हापासून आपण सगळ्यांनीच त्याला डोक्यावर घेतलंय. 'चुकलं' म्हणायचं तर जीभ जड होते, आणि समोरचा तेवढ्यावर न थांबता आणखी चार जुन्या चुका काढतो. 'क्षमा करा' म्हणावं तर अंगावर शाल आणि समोर माइक नसल्याची चुटपुट लागते. सॉरीचं तसं नाही. बसमध्ये तुमच्या बरगडीत कोपर खुपसून पुढे जाणारा सॉरी म्हणतो, त्याचा अर्थ 'सरक' असा असतो. ऐकू आलं नाही की तोच शब्द जरा वर उचलून टाकायचा, म्हणजे समोरचा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. दुकानदार 'सॉरी, संपलं' म्हणाला की माल मागच्या खोलीत ओळखीच्यांसाठी राखलेला आहे हे समजावं. आणि कोणी 'सॉरी, पण मला स्पष्ट बोलायची सवय आहे' असं म्हणाला, तर शहाण्याने कानांवर हात ठेवून चालू लागावं. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याच्या दारातही आपण हाच शब्द घेऊन उभे राहतो, आणि मुलाने दूध सांडलं तरी त्याच्याकडून हाच वदवून घेतो. एका शब्दात एवढं भागत असेल तर बाकीची भाषा पोसायची कशाला, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

सॉरीसाहेब या शब्दाचे उस्ताद होते. खिडकीशी येणारा माणूस हातात इस्त्री घेऊन, ती डोक्यात घालायच्या तयारीने यायचा. साहेब आधी त्याच्या इस्त्रीकडे बघून सॉरी म्हणायचे, मग त्याच्याकडे बघून. पहिला आवाज दुःखाचा, दुसरा घरच्या माणसाचा. गिऱ्हाईक तिथेच निम्मं गार व्हायचं. उरलेल्या निम्म्यासाठी साहेब कपाळाला हात लावून तिसरा सॉरी काढत, तो ऐकून काही माणसं उलट साहेबांचीच समजूत घालायची. इस्त्री मात्र होती तशीच पिशवीतून परत जायची. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, पण पानावरून उठताना लोक ढेकर देऊन उठत.

फोनचं तंत्र याहून साधं होतं. साहेबांच्या टेबलावर काळा फोन होता आणि त्यावर सकाळपासून माणसं ओरडत असायची. सुरुवातीला साहेब ऐकायचे आणि घरी जाऊन डोक्याला बाम चोळायचे. पुढे त्यांच्या लक्षात आलं की ओरडणाऱ्याला उत्तर नको असतं, पलीकडे कोणीतरी आहे एवढंच हवं असतं. मग ते रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवू लागले. इकडे खिडकीतलं काम चालू ठेवायचं आणि मधूनमधून त्या रिसीव्हरवर वाकून 'सॉरी' म्हणायचं. पलीकडचा रिकामा झाला की आपणहून थांबायचा, वर 'तुम्ही ऐकून तरी घेतलंत' म्हणून आभार मानायचा. मॅनेजरने हे तंत्र नव्या माणसांना शिकवायला सांगितलं, तेव्हा साहेबांना आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

घरी मात्र डाळ शिजत नव्हती. साहेबांची बायको बालवाडीत शिकवायची. तिच्या वर्गात चावणारी, ओरबाडणारी, दुसऱ्याच्या चपला खिडकीबाहेर फेकणारी मुलं होती आणि ती सगळी चावून झाल्यावर तत्परतेने सॉरी म्हणायची. बाई विचारायच्या, "कशाबद्दल?" मुलाला ते सांगावं लागे, त्याशिवाय खेळायला सुट्टी नाही. घरी नवऱ्याने उशिरा आल्याबद्दल खालच्या पट्टीतला एखादा सॉरी काढला की ती भांडी विसळताविसळता तेच विचारायची. साहेब मग आणखी खालच्या पट्टीतला दुसरा सॉरी काढायचे. खिडकीत असं कोणी विचारत नसे.

साहेबांवर मनापासून खूश असलेलं एकच माणूस सासरी होतं, ते म्हणजे सासूबाई. त्या दुसऱ्या गावी मुलाकडे राहायच्या. साहेबांच्या घरी फोन नव्हता, म्हणून त्यांचा फोन कचेरीत यायचा, आणि त्यात लेकीला पाठवत नाही इथपासून सून डब्यांची झाकणं अदलाबदल करते इथपर्यंत सगळं असायचं. साहेबांनी त्यांनाही टेबलावर आडवं ठेवलं होतं. संध्याकाळी बायकोला सांगायचे, "आईंचा फोन होता. नेहमीचंच." ते खरंही असायचं. सासूबाई गावभर सांगायच्या की जावई असावा तर असा, मोठ्या माणसाचं बोलणं मध्येच तोडत नाही.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्याच सुमारास कंपनीने नवी इस्त्री बाजारात आणली. या इस्त्रीचं हँडल तापलं की सुटून हातात यायचं. खिडकीसमोर माणसं जिन्यापासून फाटकापर्यंत उभी, प्रत्येकाच्या एका हातात हँडल आणि दुसऱ्या हातात उरलेली इस्त्री. त्या गदारोळात फोन वाजला. मेव्हणे बोलत होते.

"भावोजी, आईला बोलायचंय. चिमी शाळेत असेल म्हणून तुम्हालाच लावला. जरा ऐकून घ्या."

"हो हो, द्या," साहेब म्हणाले आणि रिसीव्हर टेबलावर ठेवला.

खिडकीत एक धिप्पाड बाई भाजलेला अंगठा नाचवत होती. साहेब तिला सॉरी म्हणत होते, तिच्या मागच्याला म्हणत होते, आणि सवयीने मधूनमधून वाकून रिसीव्हरलाही म्हणत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी तो उचलून जागेवर ठेवला. संध्याकाळी घरी जाऊन म्हणाले, "आईंचा फोन होता. नेहमीचंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन आला. सासूबाई गेल्या होत्या.

नवराबायको मिळेल त्या गाडीने गेली. सगळं उरकल्यावर मेव्हण्यांनी बहिणीला स्वयंपाकघरात बसवून पाणी दिलं. साहेब दारातच उभे होते.

"तू मनाला लावून घेऊ नकोस, चिमे," मेव्हणे म्हणाले. "आईचं काही राहिलं नाही. मला म्हणाली, फोन माझ्या हातात दे आणि बाहेर जाऊन दार लाव, मला बोलायचंय. सगळं बोलली भावोजींशी. नंतर म्हणाली, फार गुणी माणूस, मध्ये एक शब्द बोलला नाही, नुसता सॉरी सॉरी म्हणत होता. पोटच्या पोरांनीसुद्धा माझं इतकं ऐकून घेतलं नाही. चिमीला तो सांगेल. आणि मग शांत झोपली बघ."

बायकोने वळून साहेबांकडे बघितलं. लग्न झाल्यापासून तिने त्यांच्याकडे इतक्या मायेने कधी बघितलं नव्हतं. साहेब दारातल्या चपला सरळ करू लागले.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, "इथे नको. घरी गेल्यावर सांगा, निवांत." घरी गेल्यावर साहेबांचं डोकं दुखायला लागलं. मग त्यांना कचेरीचं काम आठवलं. पण असं किती ढकलणार? सासूबाईंचे अखेरचे शब्द साहेबांकडे होते, असं सगळ्या घराला माहीत होतं. ते त्यांच्याकडे नव्हते, हे एकट्या साहेबांना. खरं सांगावं तर बायको पुन्हा तोंड बघणार नाही, आणि त्यात तिची काही चूकही नसती. न सांगावं तर काहीतरी सांगणं भाग होतं, आणि गोड काहीतरी सांगणं हा तर त्यांचा धंदाच होता.

त्यांनी ते खिडकीत बसूनच जुळवलं. हँडलवाल्यांच्या रांगेत दोन माणसांच्या मध्ये एकेक वाक्य सुचत गेलं. रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी ते तिला ऐकवलं, घरच्या माणसाच्या आवाजात. "आई म्हणाल्या, माझ्या मुलीला सांगा, मी तृप्त आहे. तिच्या सुखातच माझं सुख होतं."

बायको बालवाडीसाठी रंगीत कागद कापत बसली होती. तिची कात्री थांबली.

"मुलीला? आई मला चिमी म्हणायची. रागावली की भवाने."

"सॉरी, चिमीच म्हणाल्या. मी आपलं..."

"आणि तृप्त?" ती म्हणाली. "हा शब्द आईने आयुष्यात उच्चारला नाही हो. ती पोट भरलं म्हणायची."

साहेबांनी दुसऱ्या दिवशी सुधारून आणलं. त्यात चिमी होती, पोट भरलं होतं, डब्यांची झाकणंही होती. फार मेहनत घेतली होती त्यांनी. बायकोने मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं.

"काल हे नव्हतं," ती म्हणाली.

"काल विसरलो. सॉरी."

तिने कागद बाजूला ठेवले. रागावली असती तर साहेबांना सोपं गेलं असतं, रागावलेली माणसं हाताळण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पण ती अजिजीने बोलू लागली, आणि अजिजी करणारं माणूस त्यांच्या खिडकीत कधी आलं नव्हतं.

"वाईट बोलली असेल, म्हणून लपवताय का? मला चालेल. मी चार महिने तिच्याकडे गेले नव्हते. भवाने म्हणाली असेल, नाव टाकलं असेल, जे असेल ते सांगा. मला गोड नकोय. तिच्या शिव्या असल्या तर शिव्याच द्या. तेवढंच आता तिचं उरलंय माझ्याकडे."

साहेबांना रडू आलं. हे रडू खोटं नव्हतं, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगेन. तोंडाशी नेहमीचा शब्द आला होता, तो त्यांनी गिळला.

"मी ऐकलंच नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"रिसीव्हर टेबलावर ठेवला होता. आम्ही ठेवतो तसा. खिडकीत माणसं होती. मी नुसता मधूनमधून वाकून सॉरी म्हणत होतो. त्या काय बोलल्या मला माहीत नाही. त्या आधीही जेव्हा जेव्हा बोलल्या, तेव्हाही मी असंच केलं. कालचं, आजचं, सगळं मी रचलं."

खालच्या रस्त्यावर कोणीतरी शटर ओढत होतं. बायकोचा चेहरा साहेबांना वाचता येईना. तिने कागदाचे कपटे बोटाने एका जागी गोळा केले, पुन्हा पसरले.

"किती वेळ बोलत होती?"

"बराच वेळ."

"एकही शब्द नाही आला कानावर? अर्धा?"

साहेब विचार करू लागले. आता रचायचं नव्हतं, त्यामुळे वेळ लागला. तो टेबल, ती भाजलेला अंगठा नाचवणारी बाई, रिसीव्हर उचलून जागेवर ठेवायला नेतानाचा हात.

"ठेवताना आला," ते म्हणाले. "कानाजवळून जाताना. एवढंच ऐकलं मी. त्या म्हणाल्या, ऐकताय ना?"

बायकोने वर बघितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो."