टीव्हीच्या वायरचा जोड

आईच्या उपचारांसाठी आम्ही परळच्या एका लॉजमध्ये चार-पाच महिने राहिलो. केमो झाली की आई दिवसभर पडून असायची. तेवढाच टीव्हीचा विरंगुळा, पण चित्र सारखं अडकायचं, माणसांचे नुसते चौकोन व्हायचे. मी रोज तक्रार करायचो. शेवटी मॅनेजरने अँटेनावाल्याला बोलावलं.

साठीचा, किरकोळ बांध्याचा माणूस. तीन जिने चढून आल्यावर आधी खुर्चीत बसून त्याने गुडघे चोळले. मग गच्चीवरून खाली आलेली वायर चाचपत खिडकीपाशी थांबला. तिथली चिकटपट्टी सोडवली, तर आत दोन वायरी नुसत्या पिळून जोडलेल्या. तो जोड हातात धरून तो बराच वेळ बघत राहिला.

“कोणी केलंय हो हे काम?” मी वैतागून विचारलं.

“मीच,” तो म्हणाला. “बरीच वर्षं झाली. लॉजच्या शेठला घाई होती. मला वाटलं, लॉजवर माणूस येणार एका रात्रीपुरता, तो टीव्ही कशाला बघतोय?”

भांडायचं त्राण माझ्यातही उरलं नव्हतं.

त्याने नवी वायर ओढली, जोड नीट बसवला. चित्र स्वच्छ आलं. आई उशीला टेकून बसली.

“मावशी, किती दिवस आहात इथे?” त्याने विचारलं.

“चौथा महिना चाललाय,” आई म्हणाली.

तो पिशवी उचलून बाहेर पडला. काम झालं, गेला असेल, असं मला वाटलं. दार लावायला उठलो, तर तो शेजारच्या खोलीच्या दारात उभा होता.

“तुमचं पण चित्र अडकतं ना?” तो आतल्या माणसाला विचारत होता.