रफिक खांबावर असताना

माझा जोडीदार रफिक विजेच्या खांबावर होता आणि माझा फोन वाजला. शेजारचा गजानन, माझ्या बायकोला मामी म्हणणारा.

"मामा, मामीला चक्कर आली. बोलून न्हाई राहिल्या. औंढ्याला दवाखान्यात नेतो."

मी वायरमन. चौथी शिकलेला, हेल्पर म्हणून लागलो. जवळा बाजारच्या शिवारात तारा ढिल्या झाल्या होत्या. चढण्याआधी आमी सबस्टेशनला फोन करून लाइन बंद करून घेतो. त्याला परमिट म्हणतात. ज्याच्या नावावर परमिट, त्यानंच 'चालू करा' म्हणायचं. त्या दिवशी नाव माझं होतं.

साहेब बाजूलाच उभे, नवे. त्यांना गावातून फोनवर फोन, गिरणी बंद, मोटारी बंद. ते म्हणाले, "तुम्ही निघा. मी सबस्टेशनला लाइन चालू करायला सांगतो. माझ्यावर डिपेंड राहा."

हा शब्द ट्रेनिंगला फळ्यावर लिहिला होता. डिपेंड म्हणजे भरवसा ठेवणे. आमी वहीत उतरवून घेतला होता.

मी विचारलं, "साहेब, रफिक कुठं हाय?"

"उतरला की. खांब रिकामा आहे."

मी बोट दाखवलं. बाभळीच्या पल्याड, दुसऱ्या खांबावर. साहेबांनी हातातला फोन खिशात घातला.

मी निघालो न्हाई. खांबाखाली जाऊन उभा राहिलो. फोन परत वाजला. मी उचलला न्हाई. वरून रफिक म्हणला, "उचल की बुढ्ढे, कुणाचा हाय?"

"तुझ्या सासऱ्याचा. तू नट आवळ."

वरच्या माणसाचे हात थरथरू नयेत म्हणून सांगितलं न्हाई. अर्धा तास गेला. त्याचे पाय जमिनीला लागले, मग मी सबस्टेशनला फोन करून परमिट परत केलं. ऑपरेटरनं विचारलं, "माणसं खाली?" मी म्हणलं, "खाली." मग रफिकला सांगितलं. त्यानंच गाडीवर औंढ्याला नेलं.

बायको शुद्धीवर आली होती. तोंड एका बाजूला गेलेलं. मी कामावरून फोन केला की ती पहिलं एकच विचारायची. तेच तिनं विचारलं, अर्ध्या शब्दात. "वर... कुणी हाय का?"

"न्हाई. सगळे खाली."

तिनं डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी गेली.

रफिक अजून विचारतो, "काहून न्हाई गेला तवा?" मी म्हणतो, "तू नट आवळ." पण डिपेंडचा अर्थ मी माझ्यापुरता दुरुस्त केला. तो शब्द खाली उभ्या असलेल्यानं म्हणायचा नसतो. वर असलेल्यानं म्हणायचा, ज्याचा जीव दुसऱ्याच्या हातात हाय त्यानं. आणि तो बहुतेक म्हणतच न्हाई. रफिक म्हणला न्हाई.

दवाखान्यात बायकोबी म्हणली न्हाई.