गारांचं पाप

आमच्या पाळकसाहेबांचा मला राग आहे. तो लपवायचा मी प्रयत्नही करत नाही. वडवणीहून ते मोटरसायकलवर आमच्या वस्तीवर येतात, पत्र्याच्या चर्चमध्ये पंचवीस-तीस माणसांपुढं उभे राहतात आणि देवाच्या मनातलं सगळं आपल्यालाच ठाऊक असल्यासारखं बोलतात.

मार्चमध्ये गारा पडल्या. उभी ज्वारी आडवी झाली, चर्चच्या पत्र्याला भोकं पडली. पुढच्या रविवारी साहेबांनी शास्त्रातली ती गोष्ट काढली: एकानं लुटीतला माल तंबूत पुरून ठेवला आणि त्याच्यापायी सगळ्यांनी मार खाल्ला. "आपल्यातबी कुणीतरी काहीतरी पुरून ठिवलंय," ते म्हणाले. "ते भाईर काढल्याबिगर देवाचा कोप उतरायचा न्हाई."

झालं, वस्तीला कामच मिळालं. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत आमचाच एकमेकांचा पंचनामा सुरू झाला. कोण चोरून तंबाखू खातो, कुणाच्या सुनेनं हळदीकुंकवाला जाऊन कपाळ पुढं केलं, सगळं उकरून झालं. पल्याडच्या वावरांत एकही ख्रिस्ती घर नाही, तिथंही तेवढ्याच गारा पडल्या होत्या. पण हे कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही. माझ्याही नाही, कारण मलाही कुणीतरी दोषी हवंच होतं. साहेबांची बायको, पाळकबाई, चहाला आल्या, गोडगोड बोलल्या आणि मी सांगून टाकलं, "आमची अक्का नारायणगडाला गेलती."

अक्का माझी थोरली बहीण. आम्ही दोघी एकाच वस्तीत दिलेल्या, तिचं घर माझ्या भिंतीला लागून. तिच्या शेजारच्या म्हातारीला डोळ्यांनी दिसत नाही, आणि तिची मुलं-सुना ऊसतोडीला गेलेली. म्हातारीनं गडावरच्या देवळाच्या जत्रेचा हट्ट धरला, तेव्हा अक्का तिचा हात धरून घेऊन गेली. पंगतीत बसून जेवलीही. मला सगळं ठाऊक होतं. बाईंना मात्र मी गड सांगितला, पंगत सांगितली आणि म्हातारी गाळली.

अक्काचं प्रभुभोजन बंद झालं. सगळ्यांपुढं उभं राहून पश्चात्ताप करेपर्यंत बंद. बाहेरच्याला वाटेल, त्यात काय एवढं? पण नवरा गेल्यापासून अक्का महिन्याच्या त्या पहिल्या रविवारावरच जगत होती. भाकरीचा तुकडा आणि काळ्या मनुका उकळून केलेल्या रसाचा एक घोट. शनिवारी मनुका भिजत घालायचं कामही तिचंच. ते आता माझ्याकडं आलं. मी ते नाक वर करून केलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी साहेबांनी तिला उभं केलं. "गारा माझ्या पापामुळं पडल्या, आसं बोला. मग ताट तुमच्याकडं येईल."

अक्कानं पदर सावरला. "गडावर गेलते. जेवले. त्यात देवाला दुखलं आसंल तर त्याच्यापुढं मी रडलेय. पर गारा कावून पडल्या ते मला ठाव न्हाई, साहेब. तुमालाबी न्हाई. देव मारतोय आसं वाटलं तर आपली मान खाली घालावी. दुसऱ्याची धरून दाबू नये."

साहेब लालेलाल झाले. "अजून ताठा गेला न्हाई," एवढंच म्हणाले आणि ताट पुढं सरकवलं.

ताट अक्काला चुकवून माझ्यापुढं आलं. उठून सांगायची वेळ तीच होती: चुगली मी केली, आणि तीही अर्धीच केली. मी उठले नाही. उलट मला तिचाच संताप आला. बोलली असती ते एक वाक्य तर काय बिघडलं असतं? मी तुकडा खाल्ला, रस प्याले. शेजारी अक्का मान खाली घालून काहीतरी पुटपुटत होती. माझ्याविरुद्ध काही मागते की काय म्हणून मी कान दिला.

"बापा, धाकटीनं सांगितलं ते तिच्यावर धरू नको," ती म्हणत होती. "तिची ज्वारी गेली. ती लई भ्यालीय."