मामाने मोडीत काढलेला कॉम्प्युटर

“दाजी, मदरबोर्ड गेलाय याचा. भंगारात द्या सरळ,” मामा बाबांना सांगत होता. मग माझ्याकडे वळून हसला. “काय मॅडम, इंग्लिशमध्ये काय म्हणतात याला?”

आज भाचीच्या खोडरबराचा वास आला आणि मांजर्लीच्या घरातला तो रविवार आठवला. कॉम्प्युटर नुसता पीप पीप करत होता, स्क्रीन काळी. मी त्याच्यावर प्रोग्रॅमिंग शिकत होते. तो गेला असता तर दुसरा मिळणार नव्हता.

मी इंग्लिश शाळेतली; माझ्या अडखळत्या मराठीला मामा हसायचा, म्हणून मी त्याच्यासमोर गप्पच असायचे. पण त्या पीपचा अर्थ मी वाचला होता: रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी नीट लागत नाहीये. आमच्या तळमजल्यावर ओल फार, पट्टी काळवंडली असणार. सगळे जेवायला बसले तेव्हा मी प्लग काढून डबा उघडला, पट्टीची सोनेरी कड खोडरबराने घासली आणि खट् वाजेपर्यंत दाबून बसवली. बटण दाबलं. एकच पीप झाली आणि स्क्रीन उजळली.

मामा हात पुसत आला. “बघा दाजी, थंड झाला की चालतो हा.”

बाबांनी मान डोलावली. आता ऑफिसात ‘हे मी केलं’ असं मी सहज बोलून जाते. तेव्हा मात्र मला ते उद्धट वाटत होतं, आणि तरीही मी बोलले.

“थंड झाला म्हणून नाही, मामा. मी दुरुस्त केला.”